पहिल्या बाकावरच्या आजी

जुन्या चर्चवरच्या पुस्तकाचे सगळे फोटो झाले होते, फक्त मुखपृष्ठाचा तेवढा राहिला होता. त्यासाठी फोटोग्राफर आठवडाभर हेलपाटे घालत होता, आणि आज कुठे ढग हटून वेदीमागच्या रंगीत काचेवर ऊन आलं होतं. बघायला आलेल्या लोकांची ये-जा त्याला मुळीच आड येत नव्हती. आतल्या अंधुक उजेडात कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे, त्यामुळे चालती माणसं फोटोत उमटतच नसत. उमटायचं ते फक्त एका जागी बसून राहिलेलं माणूस.

आणि पहिल्याच बाकावर, नेमक्या काचेसमोर, एक आजी बसल्या होत्या.

त्यानं स्टँड लावला तेव्हा त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, आणि मग ज्या ताठ झाल्या त्या झाल्याच. तो खाकरला, बॅगेची चेन उगाच करकरवली, पण आजी दगडी खांबासारख्या ढिम्म! आता प्रार्थनेत बुडालेल्या माणसाला ऊठ तरी कसं म्हणायचं? बघता बघता ऊन काचेवरून उतरलं. बिचाऱ्यानं कपाळाला हात लावला आणि स्टँड मिटायला घेतला.

तो आवाज ऐकताच आजींनी हुश्श करून मान मोकळी केली.

"झाला ना रे बाळा फोटो? मी कधीची उठणार होते, पण म्हटलं, आपण हललो तर पोराची मेहनत वाया जायची. नाकावर माशी बसली होती, तरी हलले नाही!"