बुधवारचं पाणी

“मीठ-चिंचेनं घासलं का गोडं लागेस्तोवर इसळ वं पोरी. नाईतर भांडं पावण्याच्या जिभेपाशी चुगली करते.”

बायको लक्ष्मीबाई जाऊन कितीक पावसाळे झाले, पण लेक भागीरथा ओट्यावर भांडी घासायला बसली, की डोमाजीच्या कानात हा आवाज यायचाच. आजही आला. भागीरथाच्या हातात मात्र पितळेचा तांब्या नव्हता. आदिलाबादहून पाणी तपासायला येणाऱ्या माणसाची प्लास्टिकची बाटली होती.

“ते काऊन घासून राह्यली?”

“पावण्याची हाय, बाबा. तशीच कशी देऊ?”

परक्याचं भांडं न घासता परत करायचं नाही, ही त्या घरची रीत.

गावच्या विहिरीचं पाणी दिसायला आरशासारखं, पण दातांचा वैरी. पोरांचे दुधाचे दात पडायचे आणि नवे यायचे ते डाग घेऊनच. भागीरथाचेही तसेच. हसू आलं की आधी पदर तोंडावर जायचा. सोयरिकीचे लोक यायचे, पोहे खायचे, आणि ती “चा घ्या” म्हणाली की उठायचे.

त्र्याण्णव साली शाळेमागच्या खोलीत पाणी गाळायची पडद्याची मशीन आली. चाचणीपुरती. पास झाली तर गावाची, नाहीतर उचलून दुसरीकडे. खोलीची किल्ली डोमाजीकडे. त्याच्या नातीचा, थोरल्या लेकाच्या पोरीचा, पहिला दात नुकताच हलायला लागला होता. मशीन राहावी, एवढंच त्याचं मागणं.

दर बुधवारी दुपारी इंद्रवेल्लीच्या बसमधून खुशाल उतरायचा. पाणी मोजणारा तो. लगीन न झालेला, बोलायला थोडका. करंट पहाटेच असायचा, म्हणून मशीनच्या पहिल्या धारेचं पाणी भागीरथा त्याच्या बाटलीत भरून ठेवायची. ओसरीवर तो तपासणीची पेटी उघडायचा.

“काका, हा पडदा लई निवडक. पान्याले जाऊ देते, पान्यात इरघळलेल्याले अडवते. पन समद्याइले सारखं नाई अडवत. कोनाले किती अडवलं, ते येकेकाचं मोजा लागते.”

“म्हंजे माह्या बहिनीवानी,” डोमाजी म्हणाला. “लग्नात कोनाले मांडवात बसवाचं अन् कोनाले दारातून वाटे लावाचं, ते तिलेच समजते.”

आतून पदराआडचं हसू ऐकू आलं. खुशालनं धुतलेलीच नळी परत धुतली.

एका नळीत विहिरीचं पाणी, दुसरीत मशीनचं. लाल औषधाचे थेंब पडले, की विहिरीचं पाणी पिवळं व्हायचं, मशीनचं लालच राहायचं. दातांचा वैरी पडद्यापाशी अडला. मग दुसरं औषध, मीठ ओळखायचं. मीठ असलं तर पाणी ताकासारखं पांढरं. पहिल्या बुधवारी मशीनचं पाणी नितळ राहिलं. दुसऱ्या बुधवारी ताक झालं. मग दर बुधवारी ताकच. शेवटी खुशाल आंबटपणा पाहायची पिवळी पट्टी बुडवायचा. ती तशीच पिवळी निघायची.

“येक अडते अन् दुसरं सुटते, असं कसं?”

“तेच पाहून राह्यलो,” खुशाल नळीकडे बघत बोलायचा. “पुढच्या बुधवारी या लागन.”

‘नापास’ हा शब्द त्यानं कधी काढला नाही. डोमाजीला तो न काढताच ऐकू यायचा.

चहा झाला की खुशाल स्वतःच्या कॅनमध्ये मशीनच्या टाकीच्या नळाचं पाणी भरून घ्यायचा. वाटेत प्यायला.

“असं बिघडलेलं पानी पेता?” भागीरथानं एकदा दाराआडून विचारलं.

“तहान लागली का मानूस चव पाहात नाई.”

कापसाची बोंडं फुटली. शेजारचा चंपत रोज डिवचायचा, “डोमाजी, मशीन वापस चालली म्हंतेत. किल्ली गळ्यात बांधून ठेव, आठवन राहीन.” डोमाजी हसून सोडून द्यायचा, आणि नातीला जवळ घेऊन तिचा दात चाचपायचा.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी हैदराबादचे बडे साहेब आले. त्यांनी आपल्या बाटलीत थेट नळाखालून पाणी धरलं, आपल्या हातानं औषधं टाकली. लाल ते लालच राहिलं. नितळ ते नितळच.

“बहुत बढिया. मशीन यहीं रहेगी.”

गुळाची भेली चंपतनंच फोडली. बायांनी मशीनला हळदकुंकू लावलं. साहेबांची जीप धूळ उडवत गेली.

गूळ तोंडात ठेवून डोमाजी घराकडे वळला आणि अंगणातच थबकला. मशीन तीच. पाणी तेच. बदलली ती फक्त बाटली. त्यानं ओट्याकडे पाहिलं. खुशालची बाटली उपडी होती, शेजारी मीठ-चिंचेची वाटी. लक्ष्मीबाईचा आवाज कानात असा आला, जशी मागंच उभी.

“कारटे! घासलेली बाटली इसळलीच नाई तू! तुह्यापायी मशीन जात होती गावची!” डोमाजी ओरडला.

भागीरथानं मान खाली घातली. ओट्यावर बसून भांडी घासू लागली.

ओसरीवर खुशाल पेटी आवरत होता. डोमाजीनं हात जोडले.

“माफी करजा साहेब. पोरीनं मीठ-चिंचेनं बाटली घासली अन् इसळाचं राह्यलं. तुमाले फुकटच्या खेपा पडल्या. आता परत याची काई गरज नाई.”

खुशालनं पेटीचं झाकण लावलं. मग परत उघडलं. आतून एक कोरी पिवळी पट्टी काढून त्यानं डोमाजीच्या हातावर ठेवली.

“चिंच राह्यली असती तर ही लाल झाली असती. कोन्याच बुधवारी झाली नाई. बाटली चांगली इसळलेली होती. मीठ मागून कोनीतरी टाकलं.”

ओट्यावरचा भांड्यांचा आवाज थांबला.

“अन् वाटेत प्याले म्हून नेलं, ते पानी म्या कदी पेलं नाई. नेऊन हापिसात मोजत होतो.” खुशालनं एकवार ओट्याकडे पाहिलं. “मशीन तर दुसऱ्याच बुधवारी पास झाली होती, मामाजी.”