चुडामणचा डबा

प्रकाशा गावच्या चुडामणला भारी सिगार वर्षाला चारच परवडायच्या. त्या सुकू नयेत म्हणून जुन्या जेवणाच्या डब्यात त्याने ओला स्पंज ठेवला होता. येईल त्याला तो स्पंज दाखवून ऐकवायचा, "एकदाच भिजाडा व्हता, तीन वरीस व्हई ग्यात, आजून वल्लाच शे! मन्हा डबाच तसा शे!"

"ते धुराडं आंगनमा लई जा," एवढंच त्याची बायको दगूबाई चुलीजवळून ओरडायची.

दगूबाईला जाऊन दोन महिने झाले, तेव्हा कुठे त्याने डबा हातात घेतला. आता हाकलणारं कुणी नव्हतं, तरी अंगणातच जाऊन बसला. सिगार उचलली, तर बोटांतच तिचा चुरा झाला.



स्पंज वाळून कडक झाला होता.