ढिला स्क्रू

टर्नरने बटण दाबलं. मोटर घूंऽऽ करत राहिली, पण लोखंड कातायचा लेथ काही हलला नाही. मोटरच्या तारांचं वाइंडिंग जळायला नको म्हणून त्याने घाईने बटण बंद केलं.

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा जीव भांड्यात पडला. चेहऱ्यावर मात्र तिने काही दिसू दिलं नाही. गल्लीत तिला सगळे टर्नरीण म्हणत. मास्तराची मास्तरीण, तशी टर्नरची टर्नरीण. एरवी लेथचा आणि तिचा छत्तीसचा आकडा. ह्याच लेथने नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं खाल्ली होती. तो कामाला होता तो कारखाना बंद पडल्यावर भंगारात निघालेलं ते धूड त्याने घरी आणून मागच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं. रॉकेल आणि पॉलिश पेपरने घासघासून गंज काढला, गिअर धुतले, नवा पट्टा चढवला, वर हिरवा रंग दिला. पोरीच्या लग्नातही तो एवढा राबला नव्हता.

आता एकटी मोटर तेवढी अडून बसली होती.

"कपॅसिटर तर नवा आहे," तो स्वतःशीच म्हणाला. प्लग काढून तो खाली बसला आणि त्याने मोटरच्या अंगची जोडणीची डबी उघडली. आत वाकून बघतच राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं. विचारायला नको होतं, पण न विचारणंही बरं दिसलं नसतं.

"वायर सुटलीय. स्क्रू ढिला." तो बोटाने वायर हलवत राहिला. "परवाही हाच होता. त्याच्या आधीही हाच."

"हादऱ्याने झाला असेल."

"अगं, फिरलीच नाही मोटर. हादरेल कशाने?"

ह्याचं उत्तर तिच्या शिवणाच्या डब्यात होतं. दुपारी नवरा घोरायला लागला, की शिलाई मशीनचा बोटभर स्क्रूड्रायव्हर घेऊन ती इथे यायची, एकच स्क्रू ढिला करायची आणि गुमान जाऊन भाजी निवडत बसायची. कंटाळून एक दिवस तो हा नाद सोडेल, एवढाच तिचा डाव होता. उरलेली आठ बोटं वाचली म्हणजे झालं.

तो जागचा उठला नाही. "मी आवळला होता गं," तो म्हणाला. "आवळताना दिसतोय मला. हा हात, हा स्क्रू. आणि आता बघ."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बोटं गेली तेव्हा हॉस्पिटलमधून घरी आल्या आल्या तो "चहा टाक" म्हणाला होता. त्या दिवशीही चेहऱ्यावर जे नव्हतं, ते आज होतं. तो घाबरला होता.

"थोरल्या दादाचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "आधी कुलूप लावायचं विसरला. मग नळ. मग एक दिवस मलाच विचारतो, आपण कोण?"

ती दोन पावलं आत आली.

"पोरं म्हणतात ना, स्क्रू ढिला झालाय म्हणून. तसलं काहीतरी." तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "भंगारवाल्याला सांग, लेथ घेऊन जा म्हणावं. आणि पोराला यातलं काही कळवू नकोस. उगाच धावत येईल."

तिला हवं ते मिळालं होतं. नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

तो दारापर्यंत आला आणि थांबला. "मघाशी दुधाखालचा गॅस मी बंद केला ना? केलाय. बंद करताना दिसतंय मला." मग हळूच म्हणाला, "तू बघून येतेस का जरा?"

ती आत गेली. गॅस बंद होता. येताना तिने शिवणाचा डबा उघडला.

परत आली ती सरळ मोटरपाशी जाऊन बसली. डबीत एकसारखे सहा स्क्रू होते. एकही न चाचपता तिने मागच्या कोपऱ्यातला धरला, वायर त्याच्याखाली सरकवली आणि घट्ट आवळला. तिचा हात कुठेच चुकला नाही.

टर्नर त्या हाताकडे बघत राहिला. मग त्या बोटभर स्क्रूड्रायव्हरकडे. आता हा खोली डोक्यावर घेणार, असं तिला वाटलं.

"म्हणजे मी आवळला होता," तो म्हणाला.

"हो."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

तो स्टुलावर मटकन बसला. रागाने की सुटकेने, तिला कळेना. शेवटी म्हणाला, "मग डोकं ठिकाणावर आहे माझं."

"तुमचं आहे. माझं भीतीने गेलं होतं," ती म्हणाली. "अजून तसंच आहे."

त्याने मान हलवली. उठला, चकात, म्हणजे काम पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात, अडकवलेली चावी काढली आणि तिच्या हातात ठेवली. चकात विसरलेली चावी लेथ सुरू होताच गोळीसारखी सुटते, हे तिने त्याच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं.

"ही तुझ्या हातात असली म्हणजे चकात नाही," तो म्हणाला. "तुझा हात बघितल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही. आणि पुन्हा कधी स्क्रू ढिला करावासा वाटला, तर सांगून कर."

त्याने प्लग लावला, तिच्या हाताकडे पाहिलं, बटण दाबलं. मोटर एकदा हुंकारली आणि फिरली. पट्टा पळू लागला, चक गरगरला, पत्र्याची खोली थरथरली. टर्नरचा चेहरा उजळला. तो पुढे वाकला.

टर्नरीण भिंतीला चिकटून उभी होती. चावी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. तिने डोळे मिटले नाहीत. ती नवऱ्याची बोटं मोजत होती. आठ झाली, की पुन्हा पहिल्यापासून.