चिखलाचा पट्टा

मार्चच्या उन्हाला दरवर्षी फसणारा सोलमधला मी एकटाच असेन. निघताना हान नदीवर एवढं लख्ख ऊन होतं, की जाकीट घरी ठेवून नव्या घट्ट चड्डीत ढेरी मिरवत आलो. आमच्या सायकलस्वारांच्या गटाचा कप्तान दोसिकदादा गरजला, "ज्याने त्याने आपापल्या वेगाने यायचं. यांगप्योंगला सायकलवाटेवरच्या लाल खोक्यात शिरून वहीवर पोचल्याचा शिक्का मारायचा, मगच गरम रस्सा. रडायचं नाही!"

तासाभरात आभाळ फिरलं आणि बर्फाळ पाऊस सुरू झाला. मी नेहमीसारखा सगळ्यांत मागे, बघायला कोणी नाही. सायकल घेऊन गुपचूप आगगाडीत चढलो. रविवारी सायकलला परवानगी असते, आणि बाकंही गरम असतात.

यांगप्योंगला उतरलो तेव्हा मी खडखडीत कोरडा होतो. पावसात सायकल हाणणाऱ्याच्या पाठीवर मागच्या चाकाने चिखलाचा पट्टा उठतो. तो नसेल तर रस्सा पिताना सगळे माझी सालटी काढतील. म्हणून स्टेशनमागे डबकं शोधत गेलो.

डबक्याकाठी उकिडवा बसून दोसिकदादा आपल्या पोटऱ्यांना चिखल फासत होता.

"बघतोस काय, सांगचोल? पाठीवर हात पोचत नाही माझा. तू मला लाव, मी तुला लावतो," तो म्हणाला. "आणि यंदा चाकांनाही फास. गेल्या वर्षी तुझी चकचकत होती."