धुराड्यावरचा डबा

नवरा गेल्यावर भागूबाईनं गिरणी बंद केली. इंजिनाच्या धुराच्या झोतानं टुकटुक वाजून गावाला दळणाला बोलावणारा धुराड्यावरचा डबाही काढला. इंजिन मात्र आठवणीसाठी रोज रिकामंच चालवलं. वर्षभरात धुराड्यातून काळं तेल गळू लागलं. “म्हातारं झालंय, भंगारात घाला,” दीर म्हणाला. वैजापूरच्या शफीक मिस्त्रीनं धुराड्यात बोट फिरवलं. “म्हातारं नाय, भाभी. बिनकामाचं फिरवल्यानं डिझेल पुरतं जळत नाय, काजळी साचती. दळायला लावा.” “बाईमाणूस गिरणी चालवणार व्हय?” दीर हसला. भागूबाईनं पदर खोचला, घरचीच ज्वारी ओतली, इंजिन सुरू करून गिरणीचा पट्टा चढवला. इंजिनानं काळा लोट ओकला. “बंद करा, वैनी!” दीर ओरडला. “साचलेलं जळू द्या,” ती म्हणाली. धूर विरळ होताच तिनं डबा पुन्हा धुराड्यावर बसवला. टुकटुक ऐकून पहिली आली दिराचीच बायको. नवऱ्याकडं न बघता तिनं दळणाची पाटी उंबऱ्यात ठेवली.