सात टक्के

सकाळपासून वीज नव्हती. परगावी लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि जावयाचा फोन कुठल्याही क्षणी येणार होता. निवृत्त स्टोअरकीपर बाबा दर दोन मिनिटांनी फोन उघडत, मागे चालू असलेली अॅप्स एकेक करून बंद करत आणि उरलेली बॅटरी जाहीर करत.

"नऊ!... आठ!... सात!"

तासाभरापासून चादरींच्या घड्या घालत बसलेल्या आईने फोन ओढून घेतला आणि मांडीखाली दाबला.

"अहो, अॅप्स बिचारी गुमान पडून होती. त्यांना हाकलायला तुम्ही सारखा फोन उघडताय, बॅटरी त्यानेच उतरतेय."

"तुझ्या जिवाला काही घोर आहे की नाही?"

"आहे ना. म्हणून तर घड्या घालतेय."

तासाभराने फोन वाजला. नात झाली होती, दोघी सुखरूप होत्या, बॅटरीही पाच टक्के शिल्लक होती. 'काय धीराची बाई आहे!' बाबा मनात म्हणाले आणि तिच्या कौतुकापोटी चादरी स्वतः कपाटात ठेवायला उठले. जुन्या सवयीने मोजल्या.

दोन तास घड्या घालणाऱ्या बाईसमोर चादरी होत्या चारच.