सभापतींची लस

मोफत फ्लू लसीच्या शिबिराचं उद्घाटन करायला आलेल्या सभापतींनी बाही सरकवली, कॅमेऱ्याकडे पाहून हसले आणि नर्स गावितबाईंच्या कानाशी पुटपुटले, "टोपण काढू नका हो. सुई नुसती टेकवा, फोटोपुरती."

"घाबरू नका, बिनधास्त टोचून घ्या," असं भाषण याच तोंडाने आत्ताच ठोकलं होतं! गावितबाईंना किळस आली. तरी नोकरीकडे बघून त्यांनी टोपणासकट सुई टेकवली. टाळ्या पडल्या.

रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या वत्सलाआजींच्या नजरेतून ते टोपण सुटलं नाही. "पुढारीच घेईनात, मग हे भलतंसलतं आमच्याच दंडात कशाला?" म्हणत त्या वळल्या. मागची म्हातारी मंडळीही चपला शोधू लागली.

आता मात्र गावितबाईंनी स्वतःचीच बाही वर केली. "डॉक्टर, आधी मला टोचा. दवाखान्यातल्या माणसांसाठीही आहे ना लस?"

डॉक्टरांनी सगळ्यांदेखत टोपण काढून लस दिली. गावितबाईंनी डोळासुद्धा मिटला नाही.

आजी परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि दंड पुढे करून मोठ्याने म्हणाल्या, "द्या बाई. पण त्या सभापतींना आधी कुणीतरी धरून बसवा. माझी सुई बघून भोवळ यायची त्यांना!"